मामाजींचा दुपारचा पहारा

माझ्या सासऱ्यांना चहा दिला की ते कप दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "पांडुरंगा, तूच देलं रे बापा!" मग फुर्र करून प्यायचे. पाणी दिलं, ते पांडुरंगानं दिलं. भाकर वाढली, ती पांडुरंगानं वाढली. थंडीच्या दिवसांत चुलीवर पाणी तापवून, बादली उचलून न्हाणीत ठेवावी, तर पहिला तांब्या अंगावर घेतानाच आतून आवाज यायचा, "विठ्ठला, काय कढत पाणी देलं!" आणि मी भिंतीच्या अलीकडे उभी, कपाशीच्या ओल्या पळाट्यांच्या धुरानं डोळे लालभडक. पांडुरंगाचे डोळे काही लाल झाले नव्हते.

मला राग यायचा. कशाला खोटं बोलू? राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, माहेरी कुणालाही विचारा. सासूबाई होत्या तोवर हे सगळं त्यांच्या वाट्याचं होतं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यासुद्धा पांडुरंगाच्याच पार्टीतल्या. त्या गेल्या आणि मामाजींचं सगळं माझ्याकडे आलं. आमच्या वऱ्हाडात सून सासऱ्याला मामाजी म्हणते. त्यांचं बिनमिठाचं जेवण, रक्तदाबाच्या गोळ्या, धोतराच्या घड्या, दाढीचं पाणी, चष्मा कुठे ठेवला तो शोधणं, हे सगळं करायचं ते डोक्यावर पदर घेऊन आणि दोन हात अंतर राखून. आमच्या घरात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. दिवाळी-दसऱ्याला वाकून नमस्कार करायचा, तेवढीच बोटं पायाला लागणार. ते जिन्यात अडखळले तरी मी आधी नवऱ्याला हाक मारायचे, मग घाबरायचे.

एकदा मात्र मला राहवलं नाही. चहाचा कप कपाळाला लागायच्या आतच मी म्हणाले, "मामाजी, पांडुरंग तं पंढरपुरात हाये. हा चहा म्या केला."

त्यांनी कप तसाच हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाले, "हाव ना बाई. मंग त्यालेच तं म्हणून राह्यलो."

मी भांडी घासायला निघून गेले. कढई अशी घासली की तिचा तळ गेला असता.

संध्याकाळी नवऱ्यापुढे सगळं ओकले. आमचे हे शांत माणूस, वावरातून आले की पायावर पाणी घेता घेता माझं ऐकून घेतात. म्हणाले, "तुले पावती पाह्यजे का आता?"

"हाव, पाह्यजे! एकदा, फक्त एकदा त्याइच्या तोंडून आलं पाह्यजे, की सूनबाई, तुनं केलं. मी काही शाल-श्रीफळ मांगून नाई राह्यली."

"येईन कधीतरी," हे म्हणाले आणि टॉवेलनं पाय पुसायला लागले. बाप तसा लेक.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडचं, चारी बाजूंनी हरभरा, गहू आणि हल्ली जिकडे-तिकडे शेडनेटचे हिरवे पडदे. दर वर्षी फाल्गुनात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस रात्रंदिवस नामाचा गजर, संध्याकाळी कीर्तन आणि पंगत, शेवटच्या दिवशी काला. या सप्ताहाचं सगळं मर्म वीणेत आहे. पहिल्या दिवशी पूजा करून वीणा एकाच्या गळ्यात घालतात. तिथून काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला टांगायची नाही, आणि तिच्यासोबतचं नाम थांबवायचं नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात. वीणेकऱ्यानं बसायचं नाही, कशाला टेकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. टाळ वाजवणारे येतात, जातात, तंबाखू मळायला बाहेर बसतात. वीणेकरी मात्र पुढचा माणूस येईपर्यंत उभा म्हणजे उभा.

मामाजींचा पहारा जन्मभराचा. तरुणपणी ते म्हणे पहाटेचा घ्यायचे आणि तिथून तसेच नांगराला जायचे. आता नांगर नाही, बैल नाहीत, वावरातलं काम नाही. डोळ्यांनी पोथी दिसत नाही. कीर्तनाला बसले तर गुडघे उठू देत नाहीत. सेवा म्हणून त्यांच्या हाती उरलं होतं ते एवढंच, वर्षातून सात दिवस वीणा घेऊन उभं राहणं.

आणि त्या वर्षी कमिटीनं त्यांचं नाव काढलं.

मागच्या सप्ताहात त्यांचा तोल गेला होता, कुणीतरी धरलं म्हणून वाचले. यंदा कमिटीची बैठक झाली आणि ठरलं की म्हाताऱ्या माणसांना पहारा द्यायचा नाही. मामाजी बैठकीहून आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. मी ताट नेलं. घेतलं नाही. रागावले म्हणावं, तर रागाचा माणूसच नाही तो. मी दाराशी उभी राहून विचारलं, "काऊन मामाजी, बरं वाटून नाई राह्यलं का?"

"बरा हाये बाई," ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. "माही सेवा सरली."

दुसऱ्या दिवशीही तेच. चहा तसाच गार झाला, त्यावर साय धरली. तो कप मी तसाच परत आणला. त्या दिवशी पांडुरंगाचं नावसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि तेच मला सोसलं नाही. जे ऐकून माझं डोकं उठायचं ते बंद झालं तर मला बरं वाटायला हवं होतं की नाही? नाही वाटलं.

मी पदर खोचला आणि तडक कमिटीच्या अध्यक्षाकडे गेले. हा माणूस आमच्या ह्यांच्या वर्गातला, देवळासमोर त्याचं कृषी केंद्र आहे. दुकानात चार माणसं बसली होती. मी पायरीवरूनच सुरू केलं.

"काहो भाऊजी, आमच्या मामाजीचं नाव काऊन काढलं?"

"वहिनी, वय झालं त्याइचं. पडले, काही झालं, तं गाव आमाले बोलन."

"आन् घरात पडून मेले तं गाव कोणाले बोलन? दोन दिवसांपासून माणूस जेवला नाई. तुमी सप्ताह कशासाठी करता? फ्लेक्सवर फोटो लावासाठी?"

हे मी बोलायला नको होतं, कारण फ्लेक्स त्याच्याच दुकानावर लागला होता आणि त्यात त्याचा फोटो मारुतीपेक्षा मोठा होता. बसलेली माणसं खाली बघून हसायला लागली. अध्यक्षाचं तोंड उतरलं, पण माणूस वाईट नाही. म्हणाला, "दुपारचा देतो. बारा ते दोन. त्या टायमाले गर्दी नसते, कोणाले पाह्यजेही नसतो. पण पडले-धडले तं तुमी जाणा वहिनी."

"हाव, मी जाणते!"

"रोज तुमाले येऊन पाहा लागन."

"येईन. आन् एकदा जरी काही झालं तं पुढच्या वर्षी मी तोंड नाई उघडणार. मंग झालं?"

घरी आले तेव्हा घसा बसला होता. मामाजींना सांगितलं, "दुपारचा पहारा भेटला तुमाले." ते उठून बसले. डोळे भरून आले त्यांचे. भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, "पांडुरंगा, तुनं ऐकलं रे माह्यं!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुकानाच्या पायरीवर पांडुरंग गेला होता का भांडायला? पण ते जेवायला मागत होते, म्हणून आधी ताट वाढलं.

सप्ताह बसला. रोज दुपारी स्वयंपाकपाणी आटपून मी देवळात जायचे, सभामंडपाच्या दाराशी बसायचे. ऊन मरणाचं. हातात लिंबूपाण्याची बाटली, पहारा सुटला की त्यांना द्यायला. मनात सारखी कुरकुर: घरी ज्वारी निसायची पडली आहे, आणि मी इथे राखण करत बसले. पण एक गोष्ट मी तिथे बसून पाहिली आणि ती सांगितलीच पाहिजे. घरात भिंत धरून चालणारा हा माणूस वीणा गळ्यात पडली की सरळ व्हायचा. मान वर, पाय एकमेकांजवळ, एक बोट तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या, आणि "राम कृष्ण हरी" असं, की जणू समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला ते हळूच काहीतरी सांगतायत. कुणी ऐकतंय का, कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता नाही. अध्यक्ष एकदा दोन पाहुण्यांना घेऊन आला, फोटो काढले, गेला. मामाजींनी पापणीसुद्धा हलवली नाही. मला वाटलं, या माणसाला खरंच कुणाकडून काही नको आहे. आणि मग लगेच वाटलं, नको असायला काय जातं, मागे करणारी मी आहे ना!

काल्याच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच आभाळाचं लक्षण ठीक नव्हतं. वारा पडलेला, अंगाची नुसती तलखी. आमचा हरभरा सोंगून वावरात ढीग मारून ठेवला होता, मळणीयंत्रवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. हे सकाळीच वावरात गेले. त्या दिवशी स्वयंपाक मागे पडला होता, म्हणून मामाजींना देवळात सोडून मी घरी आले आणि भाकरी टाकत होते, तोच शेजारच्या जांभोरा गावाच्या बाजूनं काळंशार उठलं. फोन वाजला.

"ताडपत्री घेऊन ये. लवकर! गारा येऊन राह्यल्या."

ताडपत्री म्हणजे केवढं धूड. माळ्यावरून ओढून काढली, डोक्यावर घेतली आणि निघाले. सगळं गाव पळत होतं. कुणी मोटरसायकलवर, कुणी पायी, कुणाच्या डोक्यावर प्लास्टिक, कुणाच्या हातात नुसत्या गोण्या. वावराची वाट देवळावरून जाते. मी देवळासमोर आले तर आतून टाळकरी बाहेर पडत होते, चपला शोधत. त्यांतला एक मला म्हणाला, "वहिनी, आमचा गहू उघडा हाये. आत्ता येतो."

"आन् मामाजी?"

"उभे हायेत ना. दोन तं वाजलेच, पुढचा येईनच आता."

पुढचा पहारा आमच्याच आळीतल्या एका काकांचा. ते बुलढाण्याला कोर्टात तारखेला गेले होते आणि दोनच्या आत येतो म्हणाले होते. बुलढाण्याहून एसटीनं येणाऱ्या माणसाच्या दोनला काय अर्थ असतो ते सगळ्या गावाला माहीत. पण त्या गडबडीत प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी थांबेल.

मी दारातून आत डोकावले. एवढा मोठा सभामंडप, सतरंज्या पसरलेल्या, त्यावर टाळ सोडून दिलेले, आणि मधोमध मामाजी एकटे. बारीक लाल गोंड्याची वीणा गळ्यात. तोंडानं नाम चालू. पण आवाज घोगरा, आणि सगळं अंग थोडं मागेपुढे होत होतं.

तेवढ्यात गारा आल्या. पत्र्यावर असा धडधडाट सुरू झाला की मी ताडपत्री डोक्यावरून खाली टाकली आणि कान झाकले. लगेच लाईट गेली. रात्रंदिवस गावभर वाजणारा भोंगा बंद पडला. आता आतलं नाम बाहेर कुणालाच ऐकू जाणार नव्हतं.

मी धावत मामाजींसमोर गेले. "मामाजी, खाली बसा!"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मंग वीणा माह्याजवळ द्या. मी धरते."

पुन्हा नाही. डोळ्यांनी माझ्या गळ्याकडे दाखवलं. मला कळलं. आमच्या गावात वीणा घेणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ लागते. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, माळ नव्हती. माहेरी कोंबडीशिवाय रविवार उजाडत नसे आणि इकडे येऊनही मी माळ घालायला कबूल झाले नव्हते. जे पाळायला जमायचं नाही ते गळ्यात घालून देवाला कशाला फसवायचं?

"अहो, देवाले माळ पाह्यजे का माणूस पाह्यजे? पडसान ना तुमी! मी कमिटीले काय सांगू?"

बोलतेय कुणाशी मी? वीणेकऱ्याला बोलायचं नसतं. मी एकटीच भांडत होते आणि ते "राम कृष्ण हरी" म्हणत होते, आणि वरून पत्र्यावर दगड पडावेत तशा गारा. त्यांच्या तोंडावर घाम आला होता. ओठ पांढरे पडले होते. गुडघे थरथरत होते, आणि ते थरथरणं धोतरावरून दिसत होतं. समोर दोन पावलांवर खांब होता. त्याला टेकले असते तर कुणाला कळणार होतं? देवळात काळं कुत्रं नव्हतं. पण ते टेकले नाहीत.

फोन वाजला. हे होते. "कुठी हायेस? ढीग भिजून राह्यला!"

"ताडपत्री येत नाई."

"काऊन?"

"मामाजी एकटे हायेत देवळात. कोणीच नाई. पडतीन ते."

तिकडून नुसता गारांचा आवाज. मग हे म्हणाले, "राहू दे मंग. त्याइच्याजवळ थांब." आणि फोन बंद. वर्षाचा हरभरा होता तो. बाप तसा लेक, हे मी पुन्हा म्हणाले, पण या वेळी रागानं नाही.

मामाजींचा एक पाय वाकला. पडलेच असते. मी पुढे झाले आणि जागीच थबकले. धरायचं कसं? काखेत हात घालून? कमरेला विळखा घालून? इतकी वर्षं ज्या माणसाच्या अंगाला बोट लावलं नाही, त्याला देवासमोर मिठी कशी मारू? हसू नका, खरंच तेव्हा हे डोक्यात आलं. बाईच्या डोक्यात कायकाय भरून ठेवलेलं असतं ते तिलाच वेळेवर कळतं. मी त्यांच्या मागे गेले, फिरले, आणि माझी पाठ त्यांच्या पाठीला लावली. त्यांचं तोंड मारुतीकडे, माझं दाराकडे. पाय रोवले आणि म्हणाले, "टाका भार. मी खांब नाई. माणसावर टेकलेलं चालते का नाई ते तुमच्या देवाले नंतर विचारू."

क्षणभर ते ताठ राहिले. मग हळूहळू त्यांचा भार माझ्यावर आला. काय हो तो भार! एवढासा वाळका माणूस, पण हरभऱ्याचं पोतं पाठीवर घ्यावं तसा. त्यांच्या पाठीची हाडं माझ्या पाठीला लागत होती. सदरा घामानं ओला. आणि नाम माझ्या पाठीतून आत येत होतं. कानानं ऐकू येत नव्हतं एवढा पत्र्याचा आवाज, पण "राम" म्हटलं की पाठीत एक थरथर, "हरी" म्हटलं की दुसरी.

कितीतरी वेळ गेला. गारा थांबल्या, पाऊस सुरू झाला. दारातून पाणी आत यायला लागलं, सतरंजीची कड भिजली. माझ्या पिंढऱ्या ताठल्या, टाचा बधिर झाल्या. आधी मी मनात सगळ्यांना शिव्या देत होते. अध्यक्षाला, त्या बुलढाण्याच्या कोर्टाला, एसटीला, टाळकऱ्यांना, आणि पांडुरंगाला तर सगळ्यांत आधी. मग शिव्याही संपल्या. पाय तेवढे होते, आणि पाठ.

आणि मग पाठीतली थरथर थांबली. मामाजींचा आवाज बसला होता. नुसती तार वाजत होती, टुंग टुंग. नाम थांबलं तर सप्ताह मोडला, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या इतक्या वर्षांत न मोडलेला सप्ताह, त्यांच्याच पहाऱ्यात.

मला भजन येत नाही. माझा आवाज वावरातली पाखरं हाकलायचा. पण तोंड उघडलं आणि म्हणाले, "राम कृष्ण हरी!" कुणाला तरी दम दिल्यासारखं निघालं. पुन्हा म्हणाले. पुन्हा. चाल नाही, ताल नाही, मागून तार वाजेल तसं. बाहेर कुणी नव्हतं, भोंगा बंद होता, आणि मी माझ्या त्या भसाड्या आवाजात दाराबाहेरच्या पावसाला नाम ऐकवत उभी होते. त्या सगळ्या वेळात एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे मी केलं, हे कुणाला तरी कळलं पाहिजे. हे मला नंतर सुचलं. तेव्हा एवढंच होतं की म्हातारा पडता कामा नये आणि नाम थांबता कामा नये.

शेवटी ते काका आले. चिखली सोडल्यावर झाड आडवं पडून एसटी अडकली होती, तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून, पार भिजून. दारात त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. घाईघाईनं पाय धुतले, डोकं पुसलं आणि पुढे आले.

वीणा द्यायची एक रीत आहे. गळ्यातून गळ्यात वीणा गेली की देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. नातू आजोबांच्या पाया पडतो आणि आजोबाही नातवाच्या पाया पडतात, कारण ज्याच्याजवळ वीणा तो त्या वेळेपुरता माणूस नसतो. काकांनी वीणा गळ्यात घेतली, नाम धरलं, मामाजींच्या पायांना हात लावला. मामाजींनीही खांबाचा आधार घेत, कसंबसं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आता त्यांना टेकायला मोकळीक होती. मी म्हटलं सुटले बाई, आणि पदर सारखा करत लिंबूपाणी कुठे मिळतं का बघायला वळले.

तर मामाजी मागे फिरले. एक हात खांबावर, एक हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू खाली वाकायला लागले. मला वाटलं चक्कर आली. मी हात पुढे केले, आणि त्यांचा हात माझ्या पायांवर आला. दोन्ही पावलांवर. मग तो हात त्यांनी कपाळाला लावला.

"मामाजी!" मी ओरडलेच. "काय करून राह्यले! पाप लावता का मले?" मला मागे सरकायचं होतं, पण पाय इतके बधिर झाले होते की जागचे हलेनात.

त्यांचा आवाज गेला होता, नुसती हवा येत होती. वर माझ्याकडे बघत म्हणाले, "वीणा जिच्या अंगावर होती तिच्या पाया पडा लागते बाई. माह्या तं नुसती गळ्यात होती."

एवढी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर काय बोलायचं तेही मी कढया घासताना कितीदा ठरवून ठेवलं होतं, चांगलं ठसक्यात. पण मी तिथेच ओल्या सतरंजीवर मटकन बसले आणि रडायला लागले, हमसून हमसून, त्या काकांदेखत. मामाजीही खांबाला पाठ लावून खाली बसले, पाय पुढे पसरले. आता माझी पाळी होती, रीतीप्रमाणे. मी वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. पाय सुजून टरारले होते, तापलेले होते, बोटांचे मधले सांधेसुद्धा दिसत नव्हते. मी ते दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले.

मामाजी पाय ओढायला लागले. "सोड बाई. लोकं येतीन आता. लोकं पाह्यतीन."

"पाहू द्या," मी म्हणाले, आणि पाय दाबत बसले.